ढगाळ दिवशी खडपातले (खडकाळ किनाऱ्यावरचे) फोटो: उरणपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

आभाळ भरून आलं की कॅमेरा बॅगेत टाकून घरी बसणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत आणि मला त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की बाबांनो, खडकाळ किनारा शूट करायला हाच दिवस चांगला. आपल्याकडचा कातळ बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळाकुट्ट. कडक उन्हात तो ठार काळा पडतो आणि शेजारचा फेस पांढराफटक, दोन्ही एका फ्रेममध्ये धरताना सेन्सरची दमछाक होते. ढगांमुळे उजेड सगळीकडून मऊ येतो, मग दगडातल्या भेगा, शेवाळाचा हिरवा, चिकटलेली कालवं असं सगळं दिसायला लागतं.

नवी मुंबईकरांना यासाठी लांब जायची गरज नाही. २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, ठाण्याहून यायचं तर ट्रान्सहार्बरने नेरूळ आणि तिथे गाडी बदला, फक्त गाड्या कमी आहेत म्हणून टाइमटेबल बघून निघा. स्टेशनवरून रिक्षा करून पिरवाडीच्या किनाऱ्यावर. जवळच ओएनजीसीचा प्लांट आहे, करंजाच्या बाजूला नौदलाचं ठाणं, त्यामुळे कॅमेरा समुद्राकडेच ठेवा आणि ड्रोन घरी.

निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्याच, यात तडजोड नको. त्या रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणजे मागच्या शनिवारची वेळ या शनिवारी काही कामाची नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी समुद्रात खूप आत जातं आणि भरतीला तेवढंच चढतंही, अष्टमीच्या आसपास भांग असतं तेव्हा हा फरक कमी. मी ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी पोचतो, कारण पाणी नुकतंच उतरलेला खडक ओला, चकचकीत असतो आणि आपल्याला पुढे पुढे सरकता येतं. भरती सुरू झाली की सामान गुंडाळायचं. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, कालवांची धार तर हात कापते. खडपात कालवं काढणाऱ्या मावशी असतील तर कुठून चालायचं ते त्यांनाच विचारा, त्यांच्याइतकं ते कोणाला माहीत नसतं, आणि फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तर मात्र काठावरूनच.

सामान फार लागत नाही. ट्रायपॉड, एक पोलरायझर, एक ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ढगाळ दिवशी पोलरायझर कशाला असं बरेच विचारतात, पण ओल्या दगडावर पांढऱ्या आभाळाची जी चकाकी पडते ती त्याने उतरते आणि खालचा खरा रंग वर येतो, फक्त पूर्ण फिरवू नका, थोडी चमक राहू दे नाहीतर दगड कोरडा दिसतो. अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, आयएसओ १००, फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः एडिट न केलेली फाइल. एनडी लावला की १/६० चा शटर साधारण १ सेकंदावर येतो. आणि आता महत्त्वाचं, लाट आपटताना क्लिक करू नका, ती आपटून मागे फिरायला लागली की करा. त्या अर्ध्या-एक सेकंदात फेसाचे धागे दगडांच्या फटींतून खाली ओढले जातात आणि फोटोला दिशा मिळते. ३० सेकंदांत तेच पाणी धुक्यासारखं सपाट होतं, मला ते या किनाऱ्यावर पटत नाही, इथल्या पाण्याचा जोर दिसायला हवा. आभाळात काही घडत नसेल तर त्याला फ्रेममध्ये वरची एक पट्टी द्या किंवा काढूनच टाका.

फिल्टरवर खारे तुषार बसले की कोरडा कपडा घासू नका, आधी साध्या पाण्याचे दोन थेंब, मग मायक्रोफायबर. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

एडिटिंग लाइटरूममध्ये करा नाहीतर फुकटातलं डार्कटेबल घ्या, विचार तोच. रॉ फाइल उघडल्यावर फिकी, राखाडी दिसते आणि नवीन माणूस लगेच काँट्रास्ट, क्लॅरिटी, डीहेझ सगळं टोकाला नेतो. थांबा. आधी व्हाइट बॅलन्स, ६००० केल्विनच्या आसपास सुरुवात करून जरासा निळेपणा राहू द्या, दिवस ढगाळच वाटला पाहिजे. मग मास्क, म्हणजे फोटोचा एकच भाग निवडून त्यावर बदल. टेक्स्चर फक्त खडकावर वाढवा, पाण्यावर वाढवलं तर फेस खरखरीत होतो. आभाळाला ग्रेडियंटने (वरून खाली हळूहळू विरत जाणाऱ्या मास्कने) अर्धा स्टॉप खाली आणा, जास्त ओढलं तर खडकाच्या कडेने उजळ रेघ येते ती लगेच डोळ्यात खुपते. जिथे पाणी दगडाला भिडतंय तिथे ब्रशने थोडा उजेड, कोपरे थोडे खाली, बस.

आभाळ बदलून केशरी सूर्यास्त टाकायचं बटण हल्ली एका क्लिकवर मिळतं, ते वापरू नका. खडकावर कुठेही उन्हाची सावली नाही आणि वर सूर्यास्त, हे बघणाऱ्याला कळतंच, शिवाय एवढं उभं राहून जो उजेड पकडला तोच पुसला जातो.

इथलं पाणी गढूळ, तपकिरी असतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. पिवळा आणि केशरी स्लायडर वर नेला की गढूळ पाणी उजळतं, हिरवा खाली आणला की शेवाळ गडद होतं, म्हणजे दगड आणि पाणी पाहिजे तसं वेगळं काढता येतं. प्रिंट काढणार असाल तर मॅट कागद घ्या आणि शॅडो स्क्रीनवर आवडतात त्यापेक्षा थोड्या उचला, कागदावर काळा कातळ अजून गडद येतो आणि भेगांमधलं डिटेल बुजतं. आधी छोट्या साइझची एक टेस्ट प्रिंट काढून खिडकीच्या उजेडात बघा, मगच मोठी ऑर्डर करा.