व्हीलचेअरवरून एकट्याने घर चालवताना

अपंग माणसाने एकट्याने राहायचे ठरवले की नातेवाईक पहिल्यांदा स्वयंपाकाची काळजी करतात. माझ्या अनुभवाने मात्र खरी कसोटी लागते ती उंबरठ्यापाशी आणि पाण्यापाशी. बेळगावातील शहापूर, वडगावच्या गल्ल्यांतील किंवा खानापूर तालुक्यातील जुन्या घरांचे उंबरठे उंच, मोरी खोलगट आणि ओटा उभ्या माणसाच्या मापाचा असतो. म्हणून घरातील प्रत्येक काम बसल्या जागी हाताच्या उंचीवर कसे येईल, हे आधी पाहावे आणि त्यानंतरच भांडीकुंडी घ्यावीत.

उतारासाठी एक इंच चढायला १२ इंच लांबी हे प्रमाण धरावे, म्हणजे ६ इंचांच्या उंबरठ्याला ६ फुटांचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी गवंडी तो तीन फुटांत संपवू पाहतो. तेथे आपण ठाम राहावे, कारण तशा चढावर खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावरच्या सिमेंटला शेवाळ धरते, त्यामुळे उतार खरखरीत ठेवावा, गुळगुळीत फरशी बसवू नये आणि पावसाचे चार महिने तो नियमित घासून घ्यावा. जे कुबड्या वापरतात त्यांनी खालची रबरी बुचे मिरगाआधीच बदलावीत.

ज्या गल्लीत नळ रोज येत नाही तेथे पाणी भरणे हेच मोठे काम होऊन बसते. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलोचे ओझे. ते खुर्चीवरून उचलू नये. नळापासून पिंपापर्यंत कायमची नळी जोडावी, पिंप मजबूत चौथऱ्यावर ठेवावे आणि त्याला मांडीच्या उंचीवर तोटी बसवावी, म्हणजे पाणी उचलावे न लागता लहान तांब्यात घेता येते.

स्वयंपाकघरात सुमारे ३० इंच उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा ओटा असावा. आमटीचे गरम पातेले मांडीवर ठेवून नेण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु मणक्याच्या दुखापतीमुळे पायांची संवेदना गेली असेल तर भाजलेले कळतही नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. हे मी भोगलेले आहे, म्हणून कळकळीने सांगते: पातेले ओट्यावरूनच सरकवत न्यावे, किंवा शेगडीजवळच ताट वाढून घ्यावे. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीसकट सुमारे ३० किलो भरतो. तो आणणाऱ्या माणसाकडूनच जागेवर बसवून, रेग्युलेटर लावून आणि गळती तपासून घ्यावी. शेगडीऐवजी इंडक्शन वापरायचे असल्यास कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा हिशेब आधी करावा. तिची कमाल मर्यादा २०० युनिटची असली तरी प्रत्येक घराचा मोफत वाटा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरतो आणि त्यावरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात.

कागदपत्रांना मी घरकामच समजते, कारण महिन्याचा खर्च त्यांवर अवलंबून असतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे केंद्रीय ओळखपत्र, आधी काढावे. हे कार्ड देशभर ग्राह्य आहे, त्यामुळे उपचारांसाठी कोल्हापूर-मिरजेला जातानाही ते जवळ ठेवावे. अपंग पेन्शनसाठी मात्र कर्नाटकातील रहिवासी म्हणून इथल्या नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात, अर्ज करावा. अर्ज कन्नडमध्ये असतो. मजकूर समजल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नये. ग्रामपंचायतीत नेमलेल्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याकडून तो वाचून घ्यावा आणि पोचपावती मागावी.

मदत घेताना कामे ठरवून घ्यावीत. माळ्यावरचे डबे काढणे, पंखा पुसणे, गादी उन्हात टाकणे अशी न झेपणारी कामे महिन्यातून दोन ठरावीक दिवशी, मजुरी देऊन करून घेतली तर शेजारच्या वहिनींना रोज हाक मारण्याचा संकोच उरत नाही. घराची एक किल्ली मात्र त्यांच्याकडेच ठेवावी, दाराला बाहेरूनही उघडेल असे कुलूप बसवावे, आणि मोरीत जाताना मोबाइल गळ्यातील पिशवीत घ्यावा, म्हणजे पडल्यावर जमिनीवरूनही त्यांना किंवा १०८ ला फोन लावता येतो.