जुन्या उबुंटूवर चालणारा सी प्रोग्रॅम नव्या उबुंटूवर कोसळतोय? या चुका टाळा

उबुंटू १६.०४ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला सी प्रोग्रॅम २२.०४ वर नेला आणि पहिल्याच तासात कोसळला, की संशय नव्या सिस्टिमवर जातो. बहुतेक वेळा चूक प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासूनच असते आणि जुन्या सिस्टिमची मेमरीची मांडणी तिला सांभाळून घेत असते. त्यामुळे शोध जुन्या सिस्टिमपासून सुरू करा: तिथे ही चूक कशामुळे झाकली जात होती?

क्रॅश झाला ती ओळ दुरुस्त करत बसणं

हीपमधली (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेली) मेमरी बिघडते एका ठिकाणी आणि प्रोग्रॅम पडतो भलत्याच ठिकाणी. नेहमी सापडणारं उदाहरण घ्या. नाव साठवायला स्ट्रलेनने (मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) मोजली तेवढीच जागा मॅलॉककडून (मेमरी देणारं फंक्शन) घेतली आणि शेवटच्या शून्य बाइटसाठी अधिक एक करायचं राहिलं. ६४-बिट लिनक्सवर जीलिबसी (उबुंटूची मूळ सी लायब्ररी) कमीत कमी २४ बाइट वापरण्याजोगी जागा देतं, पुढे ४०, ५६, ७२ अशी १६-१६ ने वाढणारी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं; काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजायचे. ‘सुनीता’ म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट, शून्यासकट १९. २४ च्या जागेत सहज मावतं आणि चूक दिसतच नाही. ‘विश्वनाथ’ म्हणजे ८ चिन्हं, बरोबर २४ बाइट. पंचविसावा शून्य बाइट शेजारच्या तुकड्याच्या (मॅलॉकने दिलेल्या लगतच्या जागेच्या) आकाराच्या नोंदीवर पडतो. त्या क्षणी काहीच होत नाही. तो शेजारचा तुकडा पुढे केव्हातरी, दुसऱ्याच फंक्शनमध्ये मोकळा करायला गेलं की प्रोग्रॅम ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणत थांबतो. बॅकट्रेसमध्ये (क्रॅशपर्यंतच्या फंक्शन-कॉलच्या यादीत) नावाचा कुठे पत्ताही नसतो.

चाचणीच्या डेटात नेमकी २४, ४० आणि ५६ बाइटांची नावं मुद्दाम घाला. केवळ इंग्रजी नावांवर घेतलेल्या चाचणीत ही चूक सुटण्याची शक्यता फार.

नेमकं काय बदललं हे न पाहणं

‘नवी आवृत्ती’ एवढं म्हणून भागत नाही. १६.०४ मध्ये जीलिबसी २.२३ आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५. मधल्या काळात २०१७ च्या २.२६ मध्ये टीकॅश (प्रत्येक थ्रेडसाठी मोकळ्या तुकड्यांचा वेगळा साठा) आला, २.२९ मध्ये त्याला डबल फ्री (तीच जागा दोनदा मोकळी करणं) ओळखणारी किल्ली मिळाली आणि २०२० च्या २.३२ पासून मोकळ्या तुकड्यांच्या यादीतले पॉइंटर उघडे न ठेवता मिसळून ठेवले जातात.

याचा परिणाम लिंक्ड लिस्ट मोकळी करणाऱ्या लूपमध्ये स्वच्छ दिसतो. नोड आधी फ्री केला आणि पुढचा पत्ता त्याच नोडमधून नंतर वाचला, अशी चूक आहे आणि नोड लहान, २४ बाइटांचा आहे असं धरा. पुढचा पत्ता नोडच्या दुसऱ्या ८ बाइटांत असेल, तर १६.०४ वर फ्री झाल्यावरही तो तसाच राहतो आणि लूप बिनचूक चालल्यासारखा वाटतो. २०.०४ वर त्याच जागी टीकॅशची किल्ली लिहिली जाते आणि लूप भलत्या पत्त्यावर जातो. पत्ता पहिल्या ८ बाइटांत असेल तर गंमत निराळी: मोकळ्या तुकड्यांची यादी रिकामी असताना १६.०४ आणि २०.०४ दोन्हींवर तिथे शून्य येतं, लूप पहिल्याच नोडनंतर गुपचूप संपतो आणि उरलेली मेमरी गळत राहते. २२.०४ वर त्या शून्याचीही मिसळ होते आणि क्रॅश होतो. इथे क्रॅशनेच खरी माहिती दिली. दुरुस्ती एका ओळीची: पुढचा पत्ता आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मग फ्री करा.

पॅकेजची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत नोंदवा. सुरक्षेचे बदल जुन्या आवृत्तीतही मागाहून उतरवले जातात.

कंपायलर आणि लायब्ररी एकदम बदलणं

जुना बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्रॅम) नव्या सिस्टिमवर चालवा, मग नव्याने कंपाइल केलेला. दोन्ही पडले तर लायब्ररीकडे बघा. दुसराच पडला तर कंपायलरकडे. जुन्या उबुंटूचा कंटेनर नव्या मशीनवर चालवला की कर्नल नवा आणि लायब्ररी जुनी अशी जोडी मिळते, तीही तपासा.

कंपायलरच्या बाजूची ठळक केस म्हणजे हेडर न जोडलेलं फंक्शन. त्याचा प्रोटोटाइप (ते काय घेतं आणि काय परत देतं याची घोषणा) नसेल तर जुना कंपायलर ते इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, परत करतं असं धरतो आणि ६४-बिट पॉइंटरचे वरचे ३२ बिट कापले जातात. १६.०४ वर प्रोग्रॅम आणि लहान तुकड्यांचा हीप खालच्या पत्त्यांवर असायचा, कापण्यासारखं काही नसायचं. १६.१० पासून पीआयई (प्रोग्रॅम मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढवता येईल अशी बांधणी) आपोआप लागू झालं, हीप वर गेला आणि कापलेला पॉइंटर मारक ठरला. जीसीसी १४ इथे एररच देतो. आधीच्या आवृत्त्यांत या वॉर्निंगकडे डोळेझाक करू नका.

मेमरीची नक्कल करणाऱ्या मेमकॉपीची चूकही अशीच जुन्या सिस्टिमवर झाकली जाऊ शकते. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेममूव्हच वापरा.

हत्यारावर आंधळा भरवसा

जीडीबी हा डीबगर, सिस्टिम दर वेळी करते ती मेमरीच्या पत्त्यांची सरमिसळ स्वतःहून बंद करतो, म्हणून त्याच्याखाली क्रॅश गायब होऊ शकतो. ‘डिसेबल-रँडमायझेशन’ ऑफ करून पुन्हा बघा. मॅलॉक-चेक हा हीप तपासायला लावणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जीलिबसी २.३४ पासून एकट्याने काहीच करत नाही. त्यासाठी मॅलॉक-डीबग लायब्ररी प्रीलोड करावी लागते. ती न करता ‘काही सापडलं नाही’ असा निष्कर्ष काढणं ही मोठी फसगत. मॅलॉक-पर्टर्ब मात्र अजून चालतो: १६५ दिलं की फ्री केलेल्या बाइटांत १६५ आणि नव्याने घेतलेल्यांत ९० भरलं जातं.

पहिली पसंती ॲड्रेस सॅनिटायझरला, म्हणजे मेमरीच्या चुका चालू असतानाच पकडणाऱ्या कंपायलरच्या सोयीला. डीबग माहितीसह, ओ-१ वर कंपाइल करा. तो हीप, स्टॅक आणि ग्लोबल ॲरे तिन्ही पाहतो, पण आधी काहीच मूल्य न लिहिता वाचलेली मेमरी पकडत नाही. त्यासाठी सॅनिटायझरशिवायचा वेगळा बिल्ड व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या हत्याराखाली चालवा. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

दुसऱ्या मशीनवरचा कोअर डंप (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची फाइल) स्वतःच्या मशीनवर उघडताना तिथली लायब्ररी सोबत घ्या. नाहीतर बॅकट्रेस खोटा दिसतो.

लक्षण दडपणं

बफर १०० बाइटांनी वाढवणं, मध्ये प्रिंटएफ टाकणं, ऑप्टिमायझेशन बंद करणं: यांनी फक्त शेजारी बदलतो. सॅनिटायझर लावल्यावर क्रॅशच येईनासा झाला, तर मूळ बायनरी आरआर या डीबगरखाली रेकॉर्ड करा; तो रेकॉर्डिंग उलटं चालवू देतो. त्यासाठी कर्नलचं पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड १ वर आणावं लागतं. रेकॉर्डिंग चालवून क्रॅशपर्यंत या, बिघडलेल्या ८ बाइटांवर वॉचपॉइंट (तिथलं मूल्य बदललं की थांबवणारी खूण) लावा आणि उलटं चालवणारी रिव्हर्स-कंटिन्यू ही आज्ञा द्या. ज्या ओळीने तिथे शेवटचं लिहिलं, तिथेच प्रोग्रॅम थांबतो.