उजेडाच्या हॉलसाठी टीव्ही
घोडबंदर रोडला आमचा हॉल पश्चिमेकडे उघडतो. चार वाजले की ऊन थेट सोफ्यावर. शोरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भुलून ओएलईडी घेतला, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा टीव्ही. रात्री काळा रंग काजळासारखा, पण दुपारच्या मॅचला बॉलऐवजी गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल दिसायचे! म्हणून सांगते, अशा हॉलला मिनी एलईडी बघा. त्यात पडद्यामागचे बारीक दिवे जोरदार, त्यामुळे अख्खा पडदा पांढरा झाला तरी उजेड टिकतो. खोक्यावरचे १००० निट्स (निट्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) बहुधा पडद्याच्या छोट्या तुकड्यापुरते असतात, पूर्ण पडद्याचा आकडा विचारा. दुकानात टीव्ही बंद करायला लावून मोबाइलचा टॉर्च मारा. डाग धूसर पसरला तर ठीक, लख्ख आरसा दिसला तर पुढे चला. आणि घरी खिडकीसमोर नको, काटकोनात लावा.