फ्लेक्सवर सणाचं नाव घालायचं की नुसत्या ‘शुभेच्छा’?

कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. सण आठवड्यावर आला की गिऱ्हाईक काउंटरला टेकून एकच विचारतं, “ताई, सणाचं नाव घालू, का नुसतं ‘सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा’ करू? कुणाला खटकायला नको.”

अमेरिकेत दर डिसेंबरला हाच वाद रंगतो, ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं की ‘हॅपी हॉलिडेज’. त्यात ‘हॉलिडे’ हा शब्दच मुळात ‘पवित्र दिवस’ यावरून आलेला. म्हणजे धर्म टाळायला घेतलेल्या शब्दातही धर्म आहेच.

मी आधी विचारते, मॅटर, म्हणजे मजकूर, जाणार कुणाला? एका घराला जाणार असेल तर सणाचं नाव घ्याच. ज्यांच्याकडे दरवर्षी शिरखुर्मा खाता त्यांना ‘सणाच्या शुभेच्छा’ पाठवल्यात, तर ‘ईद मुबारक’ म्हणायला याची जीभ का अडखळली, असं त्यांना वाटणारच. दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मेसेज जाणार असेल आणि नाताळ, नवीन वर्ष लागोपाठ असतील, तर मोघम शब्द चालतो. एरवी तो पैसे वाचवल्यासारखा दिसतो.

आपल्याकडे तर तयार माल आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ दसरा चौकात सोनं लुटून झालं की ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’ यात देवाचं नाव नाही, तरी कुठल्या दिवसाचं आहे हे पोरालाही कळतं. संक्रांतीच्या, दसऱ्याच्या फ्लेक्सला मी याच ओळी सुचवते.

आणि खरं सांगू, शब्दांवर डोकं खाजवणारी माणसं चित्राकडे बघतच नाहीत. ‘शुभ दीपावली’ जैन घरालाही चालतं, त्यांच्याकडे तो महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. त्याच ओळीमागे लक्ष्मी बसवली की अर्थ आखडतो. पणती ठेवा.

आता जिथं ‘शुभेच्छा’ बसतच नाही ते दिवस. दुकान नवीन असताना मी ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ असा बॅनर केला होता, वर फुगे. एका ख्रिस्ती बाईंनी प्रूफ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “अगं, त्या दिवशी येशूला क्रूसावर दिलं. फुगे ईस्टरला ठेव.” मोहरमचंही तसंच. कोल्हापुरात पंजांच्या, म्हणजे हाताच्या आकाराच्या निशाणांच्या, भेटी बघायला सगळ्या जातीधर्माची माणसं जमतात, म्हणून गिऱ्हाइकाला तो आनंदाचा सण वाटतो. पण मागं करबल्याचा, इमाम हुसेन मारले गेले त्याचा शोक आहे. मी ‘शुभेच्छा’ काढून ‘पंजाभेटीस यावे’ करते, आजवर कुणी तक्रार केली नाही.

पर्युषणानंतर जैन एकमेकांची क्षमा मागतात, त्या मॅटरला तर गिऱ्हाइकालाच विचारून घ्या. गुजराती-मारवाडी श्वेतांबर घरात ‘मिच्छामि दुक्कडम्’, शिरोळ-हातकणंगल्याकडच्या दिगंबर घरात ‘उत्तम क्षमा’. अदलाबदल झाली तर माफीच्या मेसेजबद्दल माफी मागायची पाळी.

रमजान ईदची तारीख फ्लेक्सवर घालू नका, ती चंद्रावर असते, अगदी आदल्या संध्याकाळपर्यंत. बकरी ईदची घालता येते, महिन्याचा चंद्र दिसला की दहा दिवस आधीच कळते.

मागं एक निवडणूक-इच्छुक आला होता. त्याला वर्षभर चालेल असा एकच फ्लेक्स हवा होता, ‘सर्व धर्मीय बांधवांना सर्व सणांच्या शुभेच्छा’. मी म्हटलं, “भावा, सगळ्यांना म्हटलंस की कुणालाच वाटत नाही मला म्हटलं म्हणून.” पटलं त्याला. पाच सणांचे पाच वेगळे फ्लेक्स करून घेतले, पाचांचं मॅटर बारकाईनं वाचलं, आणि पाचांवर स्वतःचा फोटो अजून मोठा करायला लावला.