फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसतंय, पण खरंच मिळतंय का ते कसं ओळखायचं

जी म्हणजे जनरेशन, पिढी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पिढी बदलली हे ठरवतं कोण असं विचारलं की लोक "स्पीड वाढला की" म्हणून मोकळे होतात. स्पीड हा त्यातला एक भाग झाला फक्त. आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था आधी अटी लिहून काढते, की पुढच्या पिढीला एवढं एवढं जमलंच पाहिजे, आणि मग ३जीपीपी नावाचा गट त्या अटीत बसेल असं तंत्र कागदावर उतरवतो. ३जी च्या अटींचं नाव आयएमटी-२०००, ४जी चं आयएमटी-अ‍ॅडव्हान्स्ड, ५जी चं आयएमटी-२०२०. १जी आणि २जी च्या वेळी अशी यादी वगैरे काही नव्हती.

तर कुठलीही पिढी समजून घ्यायची असेल तर आधी हे बघा की मागच्या पिढीचं कुठे अडत होतं.

१जी (टोकियोत १९७९ ला सुरू झालं) म्हणजे नुसता आवाज, तोही अ‍ॅनालॉग, कोणी स्कॅनर घेऊन बसलं तर तुमचं बोलणं आरामात ऐकू शकायचं. २जी मधलं जीएसएम १९९१ मध्ये फिनलंडला सुरू झालं, आवाज डिजिटल झाला, एनक्रिप्शन आलं, एकाच चॅनेलवर वेळेचे आठ तुकडे पाडून आठ जण बोलायला लागले, शिवाय सिम कार्ड आणि १६० अक्षरांचा एसएमएस. मला विचाराल तर सगळ्यात मोठी उडी हीच, पुढचं सगळं या पायावर. ३जी जपानमध्ये २००१ ला आलं, व्हिडिओ कॉलचा मोठा गाजावाजा झाला, पण नेट खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं ते नंतर एचएसपीए (३जी चीच सुधारलेली, वेगवान आवृत्ती) आल्यावर.

४जी मध्ये गंमत अशी झाली की सगळंच डेटा झालं, आवाजासाठी वेगळी वाट ठेवलीच नाही. म्हणून सुरुवातीचे ४जी फोन कॉल आला की गुपचूप ३जी किंवा २जी वर उतरायचे. हे आजही तपासता येतं: वायफाय बंद करा, कॉल लावा आणि कॉल चालू असताना कोपऱ्यातलं चिन्ह बघा. ४जी तसंच राहिलं तर व्होल्टी, म्हणजे ४जी वरूनच कॉल करायची सोय, चालू आहे. त्या जागी एच किंवा ई आलं, नेट रांगायला लागलं किंवा बंदच पडलं, तर सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टी चालू करा. कधी फोनला जमत असतं पण कंपनीने त्या मॉडेलला परवानगी दिलेली नसते, मग तुम्ही काही करू शकत नाही.

चिन्हांचं सांगायचं तर जी म्हणजे जीपीआरएस, ई म्हणजे एज, दोन्ही २जी मधलेच. एच आणि एच+ हे ३जी. ४जी+ दिसलं तर फोन सहसा एकाच वेळी दोन किंवा जास्त बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) जोडून वापरतोय.

पण चिन्हावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच आहे. पहिलंवहिलं एलटीई (ज्या तंत्रावर आपलं ४जी चालतं ते) आयएमटी-अ‍ॅडव्हान्स्डच्या अटीत बसत नव्हतं, कंपन्या मात्र ४जी म्हणून विकत होत्या, शेवटी डिसेंबर २०१० मध्ये आयटीयूनेच सांगून टाकलं की एलटीई ला आणि सुधारलेल्या ३जी ला सुद्धा ४जी म्हणता येईल. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी ने साध्या ४जी फोनवर '५जी ई' असं चिन्ह झळकवलं, फोन तोच नेटवर्क तेच नाव नवीन.

आता ५जी. याच्याकडून तीन वेगळी कामं मागितलीत: जास्त स्पीड, एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं, आणि मशीन चालवण्यासाठी १ मिलीसेकंदाचा उशीर. जाहिरातीत २० जीबीपीएस दिसतं तो आदर्श परिस्थितीतला कमाल आकडा, साध्या वापरणाऱ्याला गर्दीच्या शहरात १०० एमबीपीएस डाउनलोड मिळावा अशी अट आहे. १ मिलीसेकंद सुद्धा फक्त फोन ते टॉवर एवढ्यापुरता, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये १ दिसत नाही म्हणून चिडू नका, पुढे सर्व्हरपर्यंतचं अंतर आहेच.

तुमचं ५जी कुठल्या प्रकारचं ते बघायचं असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबा (सगळ्या फोनवर चालत नाही) आणि फोनची माहिती उघडा. डेटा नेटवर्कपुढे एनआर (५जी च्या रेडिओचं नाव) असेल तर ते स्टँडअलोन, म्हणजे मागची यंत्रणाही ५जी ची. एलटीई असेल आणि खाली एनआर कनेक्टेड दिसत असेल तर ते नॉन-स्टँडअलोन, ५जी चा रेडिओ ४जी च्या यंत्रणेवर बसवलेला, यात डाउनलोड वाढतो पण उशीर फारसा कमी होत नाही. एलटीई असून एनआर कनेक्टेड नसेल, तरी कोपऱ्यात ५जी दिसू शकतं, कारण हा टॉवर ५जी देऊ शकतो एवढं कळलं तरी काही फोन ते चिन्ह लावून मोकळे होतात.

बँड पण बघा, फोन दाखवत असेल तर. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी लांब जातं पण स्पीड ४जी सारखाच वाटतो, ३.५ गिगाहर्ट्झवर फरक खरा जाणवतो, आणि २४ च्या वरचं मिलिमीटर वेव्ह भिंत आली की गेलंच. घरात ५जी ची एकच कांडी येत असेल आणि फोन सारखा खाली-वर उड्या मारत असेल तर सरळ एलटीई वर ठेवा, बॅटरी पण वाचेल.

जुना फोन घेताना मात्र ५जी आहे का याच्या आधी व्होल्टी तुमच्या नेटवर्कवर चालतं का ते विचारा, आपलं सिम टाकून एक कॉल लावूनच बघा. बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, काही ठिकाणी २जी पण, जिथे दोन्ही बंद आहेत तिथे व्होल्टी नसलेल्या फोनवर नेट धावेल पण कॉल लागणार नाही, आणि इमर्जन्सी नंबरचं पण तेच.