यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरचं नोझल टपकतंय का? टेस्टरवर असं तपासा

एअर फिल्टर स्वच्छ असूनही ट्रॅक्टर लोडवर काळा धूर सोडत असेल, तर नोझलवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकावर संशय घ्या. इंजिन आयडलवर ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून, एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट कापड गुंडाळून किंचित सैल करा. ज्याचा नट सोडूनही आवाज बदलत नाही, किंवा सोडताच धूर कमी होतो, तो इंजेक्टर काढा. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून सतत प्रचंड दाबाने डिझेल मिळणाऱ्या इंजिनावर हे अजिबात करू नका.

इंजेक्टरखालचा जुना तांब्याचा वॉशर बाहेर आला का, ते पाहा. तो आत राहून वर नवा बसला, तर नोझल उचललं जातं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता काठावर आपटतो.

नोझलच्या आतली सुई आणि बॉडी एकमेकींवर घासून जुळवलेली जोडी असते, फट जेमतेम 2 ते 4 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्यात टाकू नका. कार्बन पितळी ब्रशने काढा, पॉलिश पेपर लावू नका. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून नोझल 45 अंशांत तिरकं धरा आणि सुई एक-तृतीयांश बाहेर ओढून सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली सरकायला हवी. थोडी फिरवून पुन्हा बघा.

आता टेस्टर, म्हणजे दाबाचं मीटर लावलेला हातपंप. मल्टिहोल (अनेक भोकांचं) नोझल बहुधा 200 बारच्या आसपास उघडतं. नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. दाब स्क्रूने किंवा शिमने (पातळ चकतीने) जुळवता येतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. खरी परीक्षा पुढे आहे. टोक कोरडं पुसा, उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार खाली दाब धरा आणि 10 सेकंद थांबा. टोक ओलसर झालं तर चालेल, थेंब पडता कामा नये. पडला तर सीट, म्हणजे सुई टेकून भोक बंद करते ती जागा, गेली. स्क्रू कितीही आवळला तरी ती सुधारत नाही. असा थेंब दाबाविना आत येतो, त्याची फवारणी होत नाही आणि तो उशिरा, अर्धवट जळतो. भोकाभोवती कार्बन साचतो, त्यामुळे पुढचा फवाराही वाकडा जातो. उरलेलं डिझेल लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं.

शेवटी टेस्टरचं हँडल झपझप मारा. प्रत्येक भोकातून सारखा, धुक्यासारखा फवारा हवा. फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. डिझेल कातडीत घुसतं आणि जखम टाचणीच्या टोचणीएवढीच दिसते. तसं झालं तर दुखण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा आणि हाय-प्रेशर डिझेल शिरलंय, असं स्पष्ट सांगा.

नवं घेताना बॉडीवरचा कोड जुळवा. मायकोच्या, म्हणजे 2008 पासूनच्या बॉशच्या, 'डीएलएलए 150' अशा कोडमधला 150 हा फवाऱ्यांमधला कोन असतो. कोन चुकला की दाब बरोबर असूनही धूर राहतो. बसवताना वॉशर नवाच घाला, क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने आवळा आणि पाइपमधली हवा काढूनच इंजिन सुरू करा.