कॅटवूमन कोणत्या क्रमाने वाचावी

कॅटवूमन म्हणजेच सेलिना काइल १९४०च्या ‘बॅटमन’ कॉमिकच्या अंक १मध्ये आली तेव्हा निव्वळ दागिनेचोर होती. पण तिथून सुरुवात करू नका. खरी गुंतागुंत पुढे आहे.

आधी ‘बॅटमन’चे अंक ४०४ ते ४०७ (१९८७) वाचा. बॅटमनच्या गॉथम शहरातल्या ईस्ट एंड वस्तीत देहविक्रय करणारी सेलिना इथे भेटते. मग डार्विन कुकचं ‘सेलिनाज बिग स्कोअर’, त्यानंतर ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ७५९ ते ७६२मधल्या छोट्या पुरवणी कथा आणि लगेच २००२ची ‘कॅटवूमन’ मालिका.

मागवताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘कॅटवूमन अंक १’ एक नाही: १९८९, १९९३, २००२, २०११, २०१८, दर वेळी गणती नव्याने सुरू झाली. वर्ष बघूनच घ्या. ‘ट्रेल ऑफ द कॅटवूमन’ हा संग्रह मिळाला तर उत्तम. बिग स्कोअर, त्या पुरवणी कथा आणि २००२च्या मालिकेचे अंक १ ते ९ एकत्र मिळतात.

या मालिकेचे पहिले चार अंक सावकाश वाचा. वेश्यांचे खून होताहेत, पोलिसांना सोयरसुतक नाही, म्हणून सेलिना उतरते. चोरी मात्र सोडत नाही! एड ब्रुबेकरचं लेखन इथे फार ताकदीचं आहे. अंक १२ ते १६मध्ये ब्लॅक मास्क हा गुंड तिच्या बहिणीचे, मॅगीचे, अतोनात हाल करतो. हे अंक गाळून थेट अंक ५२ उघडलात, तर तिथे सेलिना त्याला गोळी घालते ती का, हे अर्धंच कळेल.